टाइप वन मधुमेह आणि रोजचे मराठी जेवण : ताटात काय, किती आणि केव्हा?

रानजाई (नाशिक)

माझी मुलगी बारावीत असून मागील वर्षी तिला टाइप वन मधुमेहाचे निदान झाले. दीर्घकाळ परिणाम करणारे इन्सुलिन ती रात्री एकदा घेते आणि प्रत्येक जेवणापूर्वी त्वरित परिणाम करणारे इन्सुलिन पेनने घेते. जेवणातील कर्बोदके मोजून डोस ठरवायला आम्हांला शिकवले आहे. परंतु हाती दिलेल्या तक्त्यात ब्रेडचे स्लाइस, कॉर्नफ्लेक्स, पास्ता आणि सफरचंद एवढेच आहे. आमच्या घरी सकाळी पोहे किंवा थालीपीठ, दुपारी डब्यात पोळी-भाजी आणि रात्री वरण-भात किंवा भाकरी असते. ओल्या हाताने थापलेल्या भाकरीत किती ग्रॅम कर्बोदके धरायची, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

नातेवाईक भेटले की भात बंद करा, कारल्याचा रस द्या, साखरेऐवजी गूळ वापरा, असे सल्ले मिळतात. ते सद्भावनेने दिलेले असले तरी त्यांतून उद्या सकाळी काय करायचे, याचे उत्तर निघत नाही. ज्यांच्या घरी हे नित्याचे झाले आहे, त्यांनी आपल्या रोजच्या जेवणाचे नमुने प्रमाणांसह लिहावेत, अशी विनंती आहे.

खारेदाणे (पुणे)

रानजाईताई, शाळेत असल्यापासून मला टाइप वन आहे आणि आता माझी मुले शाळेत जातात. मी जे करतो, ते सविस्तर लिहितो. इन्सुलिनचे प्रमाण मात्र प्रत्येकाचे वेगळे असते; ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

भाकरी शिजल्यावर मोजू नका, पीठ मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८, बाजरीत ६२, नाचणीत ६७, गव्हाच्या कणकेत ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ३४ ग्रॅमची झाली आणि ३० ग्रॅम कणकेची पोळी १९ ग्रॅमची. आमच्याकडे कणीक मळण्यापूर्वी परात काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतात, पीठ घेतात आणि नंतर जितक्या पोळ्या होतील तितक्यांनी भागतात. आठवडाभर असे केले की हाताला अंदाज येतो, आणि मग काटा केवळ अधूनमधून पडताळणीसाठी लागतो.

न्याहारीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण दिवसातील सर्वांत अवघड जेवण तेच आहे. पहाटे शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांमुळे सकाळी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, आणि दुपारी जे ४० ग्रॅम सहज पचतात, तेच सकाळी रक्तशर्करा बरीच वर नेतात. म्हणून अनेकांचे सकाळचे प्रमाण डॉक्टर वेगळे ठरवून देतात. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि कांदा, दाणे व मटार धरून बशी ४२-४३ पर्यंत जाते. एका युनिट इन्सुलिनला १२ ग्रॅम कर्बोदके असे प्रमाण असलेल्या व्यक्तीला त्यासाठी साडेतीन युनिटे लागतील. हे इन्सुलिन खाण्याच्या १०-१५ मिनिटे आधी घेतले, तर पोह्यांचा चढ बराच आटोक्यात राहतो. मात्र सुईपूर्वीची शर्करा आधीच कमी असेल, तर इतके थांबणे धोक्याचे ठरते.

ज्या दिवशी सकाळी परीक्षा किंवा प्रवास असेल, त्या दिवशी मी मूगडाळीची धिरडी करतो. ५० ग्रॅम डाळीत २६ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, प्रथिने चांगली मिळतात आणि शर्करेची रेषा बऱ्यापैकी सपाट राहते. किसलेले पनीर किंवा अंडे घातले, तर पोटही अधिक वेळ भरलेले राहते. नाचणीची आंबील मात्र आरोग्यदायी समजून डोळे झाकून देऊ नका. बारीक पीठ पाण्यात शिजवून पातळ केले की ते पोटातून झपाट्याने पुढे सरकते, आणि त्याच नाचणीच्या भाकरीपेक्षा आंबिलीने माझी शर्करा फार लवकर वाढते.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्याकडे दुपारी शीत-कढी नसेल तर जेवण झाले असे कोणी मानत नाही. त्यामुळे भात सोडण्याचा प्रश्नच कधी आला नाही. माझ्या यजमानांना टाइप वन आहे. मी उकडा तांदूळ वापरते. तो साध्या तांदळापेक्षा पाणी वेगळ्या प्रमाणात शोषतो, म्हणून शिजलेल्या भाताचे पुस्तकी आकडे मला लागू पडत नाहीत. त्यावर मी एक सोपी युक्ती करते. रिकाम्या भांड्याचे वजन मी त्याच्या बुडाशी लिहूनच ठेवले आहे. २०० ग्रॅम तांदूळ घेतला की त्यात १५६ ग्रॅम कर्बोदके आहेत, हे ठाऊक असते. भात शिजल्यावर भांड्यासह वजन करून भांड्याचे वजन वजा केले आणि भात ५६० ग्रॅम भरला, तर दर १०० ग्रॅमला २८ ग्रॅम पडतात. त्यानंतर ताटात वाढताना केवळ एकदा वजन करावे लागते. पाणी कमी-जास्त झाले तरी हिशेब चुकत नाही.

माशांत कर्बोदके जवळपास नसतात आणि नारळाच्या हुमणात किंवा कढीत ती थोडीच असतात. रव्यात घोळवून तळलेल्या तुकड्यांना मात्र रवा धरावा लागतो. दोन-तीन तुकड्यांना मिळून दहा ग्रॅमच्या आसपास मी धरते. सोलकढीत साखर घालण्याची पद्धत काही घरांत आहे. ती आम्ही बंद केली, आणि खरे सांगायचे तर चव सुधारली.

सदिच्छा

माझ्या सासऱ्यांना कित्येक वर्षांपासून मधुमेह होता. त्यांनी भात पूर्ण सोडला, केवळ ज्वारी खाल्ली, रोज मेथीचे पाणी घेतले, वजन कमी केले आणि त्यांच्या गोळ्या बंद झाल्या. इन्सुलिनच्या मागे लागण्यापेक्षा हा मार्ग आधी का पाहू नये?

खारेदाणे (पुणे)

सदिच्छाताई, आपल्या सासऱ्यांना आराम पडला, हे ऐकून आनंद वाटला. परंतु त्यांचा आजार वेगळा आहे. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिन तयार करत असते, पण ते पुरेसे लागू पडत नाही. म्हणून वजन आणि आहार यांचा मोठा उपयोग होतो. टाइप वनमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या असतात. अशा व्यक्तीने काहीच खाल्ले नाही तरी तिला इन्सुलिन लागते, कारण ते नसेल तर शरीर चरबी जाळून कीटोन तयार करू लागते, रक्त आम्लधर्मी होते आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकते. कारले किंवा मेथी भाजी म्हणून जरूर खावी. इन्सुलिनच्या जागी ती चालत नाही.

ज्वारी आणि तांदूळ यांच्यात लोक समजतात तेवढे अंतर नाही. ५० ग्रॅम ज्वारीत ३४ आणि ५० ग्रॅम तांदळात ३९ ग्रॅम कर्बोदके असतात. खरा फरक तंतूंचा (फायबरचा) आहे. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे दहा ग्रॅम असतात आणि पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाहीत. त्यामुळे भाकरीने शर्करा संथपणे चढते, पण चढते. भाकरी आहे म्हणून डोस टाळणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचा परिणामही पाहिला आहे. गुळाचेही तसेच आहे. साखरेऐवजी गूळ घेतल्याने हिशेबात सांगण्याजोगे काही बदलत नाही.

कोरडवाहू (लातूर जिल्हा)

येथे सर्वजण पेन आणि त्वरित परिणामाच्या इन्सुलिनबद्दल लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा भाऊ सकाळ-संध्याकाळ ३०/७० चे मिश्र इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश परिणाम करणारे) घेतो, कारण ते स्वस्त पडते आणि तालुक्याच्या गावी हमखास मिळते. यात जेवणाप्रमाणे डोस बदलता येत नाही. डोसाप्रमाणे जेवण ठेवावे लागते. इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायचे, जेवणाची वेळ पाळायची आणि रोज साधारण तेवढीच कर्बोदके खायची. सकाळच्या डोसाचा प्रभाव मधल्या वेळेतही टिकतो. त्यामुळे अकराच्या सुमारास आणि दुपारी चारला थोडे खाणे टाळता येत नाही.

आमचा क्रम असा आहे. सकाळी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, सोबत पिठले किंवा उसळ. ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणि ३० ग्रॅम बेसनाचे पिठले मिळून ४८ च्या आसपास जाते. अकराला मूठभर फुटाणे. ३० ग्रॅम फुटाण्यांत १७ ग्रॅमच्या जवळपास कर्बोदके असतात, ते खिशात राहतात आणि उन्हात खराब होत नाहीत. दुपारी पुन्हा भाकरी, पालेभाजी आणि ताक. चारला पेरू किंवा उरलेली अर्धी भाकरी दाण्याच्या चटणीसोबत. रात्री मुगाची खिचडी असेल, तर ४० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ हे प्रमाण आम्ही ठरवून टाकले आहे. ते ४२ ग्रॅमचे होते. रोज तेच ते खाण्याचा कंटाळा येतो, हे नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही भाज्या, चटण्या आणि कोशिंबिरी बदलतो. धान्याचे माप बदलत नाही.

शेतात खुरपणी किंवा फवारणीचे काम असेल, त्या दिवशी हे सगळे गणित कोलमडते. श्रमाने इन्सुलिन जास्त लागू पडते आणि त्याचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो. अशा दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस थोडा कमी केला जातो, आणि रात्री झोपण्यापूर्वी मोजल्याशिवाय तो झोपत नाही.

तळटीप

इतके मोजमाप करण्यापेक्षा कर्बोदकेच जवळजवळ बंद करावीत, असे माझे मत आहे. अंडी, पनीर, दही, शेंगदाणे, भाज्या आणि मासे यांवर माझा दिवस निघतो. इन्सुलिन कमी लागते, आणि डोस कमी असला की त्यातील चूकही लहान राहते. सतत शर्करा मोजणाऱ्या माझ्या सेन्सरवरील आलेख याला साक्षी आहे.

हडसनवासी (न्यू जर्सी)

तळटीप यांचा युक्तिवाद प्रौढ व्यक्तीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारला तर मी वाद घालणार नाही. परंतु हा धागा बारावीतील मुलीसाठी सुरू झाला आहे. बाल आणि किशोरवयीन मधुमेहावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सुमारे ४० ते ५० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घ्यावी, असे सांगितले आहे. वाढीच्या वयात फार कमी कर्बोदकांचा आहार ठेवल्यास वाढ आणि हाडे यांवर परिणाम होण्याची शक्यता असते, कीटोन वाढू शकतात, आणि यकृतातील साखरेचा साठा रिकामा असल्यामुळे तीव्र हायपोत, म्हणजे शर्करा फार खाली गेल्यावर, ती वाढवण्यासाठी देतात ते ग्लुकॅगॉनचे इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. शिवाय कर्बोदके अगदी कमी केली की प्रथिनांसाठी इन्सुलिन द्यावे लागते. मोजमापातून सुटका होत नाही. या वयातील मुलींच्या मनात अन्नाविषयी जी भीती सहज रुजते, तीही येथे ध्यानात घ्यावी.

येथे राहणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब. अमेरिकेतील पाकिटांवर लिहिलेल्या एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, तर वर उल्लेख झालेल्या हैदराबादच्या तक्त्यांतील आकड्यांत ते आधीच वगळलेले आहेत. भारतीय तक्त्यातील आकड्यातून तंतू पुन्हा वजा केले, तर ज्वारीच्या बाबतीत डोस सुमारे सातव्या हिश्शाने कमी पडेल. परदेशातील आपल्या गटांत हा घोळ फार वेळा होतो.

दुसरे, चरबीकडे दुर्लक्ष करू नये. मोड आलेल्या मटकीची मिसळ घ्या. ५० ग्रॅम मटकीचे २६, दोन पावांचे मिळून ५० च्या आसपास आणि मूठभर फरसाणाचे चौदा-पंधरा धरले, तर ताट नव्वदच्या घरात जाते. पण तर्री आणि फरसाण यांतील तेलामुळे अन्न जठरातून सावकाश उतरते. दोन तासांनी शर्करा उत्तम दिसते आणि चौथ्या-पाचव्या तासाला चढू लागते. इन्सुलिन पंपावर मी डोस विभागून देतो, म्हणजे काही भाग लगेच आणि उरलेला पुढील दोन-तीन तासांत. पेन वापरणाऱ्यांना काही वेळा दोन सुया घेण्यास सांगतात. तसे करावे का आणि किती अंतराने, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लोणी लावलेले थालीपीठ, पुरी-भाजी आणि बिर्याणी यांचेही असेच असते.

मांडवीकाठ (पणजी)

उपवासाविषयी कोणी लिहील का? यजमान एकादशी सोडायला तयार नाहीत आणि मला साबुदाण्याची धास्ती वाटते.

खारेदाणे (पुणे)

धास्ती रास्त आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅमच्या जवळ कर्बोदके असतात आणि तंतू नगण्य असतात. एका ताटलीत ८०-९० ग्रॅम साबुदाणा सहज मावतो, ही खरी अडचण आहे. त्याऐवजी ४० ग्रॅम वरीचे तांदूळ घेतले, तर २६ ग्रॅम होतात, आणि सोबत दाण्याची आमटी व काकडीची कोशिंबीर असली की जेवण पुरेसे होते. आमटीत ३० ग्रॅम दाणे असतील, तर त्यांचे पाच-सहा ग्रॅमच धरावे लागतात. उपवासात दीर्घ परिणामाचे इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. निर्जळी उपवास तर डॉक्टर सहसा करूच देत नाहीत, आणि धर्मशास्त्रानेही आजारी माणसाला सूट दिलेली आहेच.

सण आलाच आहे विषयात, तर पुरणपोळीचाही हिशेब देतो, कारण दर होळीला मला तो कोणी ना कोणी विचारतो. २५० ग्रॅम हरभरा डाळीचे ११७, २५० ग्रॅम गुळाचे २१२ आणि २०० ग्रॅम कणकेचे १२८, असे एकूण ४५७ ग्रॅम होतात. बारा पोळ्या झाल्या, तर प्रत्येकी ३८. गूळ १५० ग्रॅमवर आणला, तर तीच पोळी ३१ ची होते आणि घरातील कोणाच्या लक्षातही येत नाही. वरून तुपाची धार असल्याने शर्करा उशिरा चढते, हे हडसनवासी यांनी सांगितलेच आहे. माझ्या ताटात दोन पोळ्या, कटाची आमटी आणि भाजी असते. भात मी त्या दिवशी घेत नाही.

रानजाई (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. भांड्याच्या बुडाशी वजन लिहिण्याची युक्ती आजच अमलात आणली. आता डब्याविषयी विचारते. महाविद्यालयात मैत्रिणींबरोबर ती वडापाव खाते आणि मी मनाई केलेली नाही, पण तिथे काटा नाही आणि डोस अंदाजाने द्यावा लागतो. शिवाय तास चालू असताना शर्करा खाली गेली, तर ती पर्समधील चॉकलेट खाते. हे योग्य आहे का?

हडसनवासी (न्यू जर्सी)

चॉकलेट त्यासाठी उपयोगाचे नाही. पेढा किंवा बिस्किटेही नाहीत. त्यांतील चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शर्करा ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजूनही कमी असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. या साखरेसाठी इन्सुलिन देऊ नये. पुढचे जेवण दूर असेल, तर त्यानंतर अर्धी पोळी किंवा थोडे फुटाणे खावेत. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये, हे तिच्या दोन-तीन मैत्रिणींना सांगून ठेवा. ग्लुकोजच्या पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या घरीच बांधून दप्तरात, खिशात आणि गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बऱ्या.

कोरडवाहू (लातूर जिल्हा)

परीक्षेसाठी शाळेकडे आताच अर्ज करा. सीबीएसईने २०१७ मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये वर्गात शर्करा तपासणे, इन्सुलिन घेणे आणि मधल्या वेळेत खाणे यांस परवानगी असावी, असे कळवले आहे. आपले मंडळ कोणतेही असो, डॉक्टरांचे पत्र जोडून लेखी मागितलेले बरे.

खारेदाणे (पुणे)

वडापावाविषयी. पावाचे सुमारे २५ आणि बटाटा व बेसन मिळून वड्याचे १५ ते २० धरले, तर एक वडापाव ४० ते ४५ ग्रॅमचा पडतो. गोड चटणी भरपूर असेल तर ४५ धरावा. बाहेरच्या खाण्यात माझी पद्धत अशी आहे की, एकाच गाडीवरचा तोच पदार्थ खायचा, खाण्यापूर्वी, दोन तासांनी आणि चार तासांनी शर्करा पाहायची आणि वहीत लिहायची. तीन-चार नोंदी झाल्या की त्या गाडीवरच्या वडापावाचा आकडा आपोआप हाती येतो, आणि त्या नोंदी डॉक्टरांना दाखवता येतात.

डब्यासाठी माझ्या घरचे दोन प्रकार सांगतो. तीन पोळ्या, मटकीची कोरडी उसळ आणि गाजर-काकडी हा एक. पोळ्यांचे ५७ आणि ३० ग्रॅम मटकीचे १६ मिळून ७३. दुसरा, दोन पोळ्यांत अंड्याची किंवा पनीरची भुर्जी गुंडाळून आणि सोबत एक पेरू. तो ५० च्या आसपास जातो. कडधान्य किंवा भाजी आधी आणि पोळी नंतर खाल्ली, तर चढ आणखी कमी होतो. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर आकडा लिहून देत जा, म्हणजे तिला मैत्रिणींसमोर हिशेब करत बसावे लागणार नाही.

जाता जाता एक. टाइप वन असलेल्यांत गव्हातील ग्लूटेन न सोसण्याचा सीलिअ‍ॅक आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून त्याची रक्ततपासणी झाली आहे का, ते पाहा. तपासणीपूर्वी गहू बंद करू नका, अन्यथा अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो. आणि आजार निघालाच, तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे सगळे चालते. फक्त गिरणीत गव्हावर दळलेले पीठ नको, त्यासाठी धान्य घरघंटीवर वेगळे दळावे लागेल.

रानजाई (नाशिक)

तपासणी झालेली नाही. या महिन्याच्या भेटीत विचारते. उद्याच्या डब्यात मटकी आणि तीन पोळ्या आहेत, आणि झाकणावर ७३ लिहिले आहे. चार तासांनंतरचा आकडा आला की येथेच कळवते.